खिडकी उघडायची की लावायची, मोजून ठरवा

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात दर हिवाळ्यात एकच वाद व्हायचा. सून म्हणायची, "बाबा, खिडकी लावून घ्या, बाहेरचा वास आत येतोय." लगेच आमची ही म्हणायची, "अगं, लेकरू कोंडलंय ना आत!" दोघींचंही खरं होतं. नात सात वर्षांची आहे, तिला बालदमा आहे. रात्री तिची छाती वाजायला लागली की घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही. मी 31 वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. पाइपाच्या आत काय चाललंय ते बाहेर काट्यावर दाखवायचं, हीच माझी नोकरी. मग घरातल्या हवेचा निकाल अंदाजावर का सोडायचा, असं वाटून तीन वर्षांपूर्वी पहिला सेन्सर आणला. आता तीन आहेत, आणि शेजारपाजारची माणसं विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय.

दोन आकडे पुरतात

बाजारातल्या मीटरवर सात-आठ आकडे चमकतात. घरच्यासाठी त्यातले दोन धरा.

पहिला पीएम 2.5. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. मोजमाप एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम असं होतं. आपल्या देशाची 2009 पासूनची मर्यादा 24 तासांच्या सरासरीला 60 आणि वर्षाच्या सरासरीला 40 आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हेच आकडे 15 आणि 5 वर आणले. मी नातीच्या खोलीसाठी 30 ही रेघ धरली आहे. आपल्याकडच्या हवा निर्देशांकात 30 पर्यंतची हवा 'चांगली' मानतात, आणि नवी मुंबईत हिवाळ्यात तेवढं घरात सांभाळता येतं हे मी करून पाहिलंय.

दुसरा आकडा कार्बन डायऑक्साइड, बोलताना आम्ही सीओटूच म्हणतो. उघड्या हवेत तो 420-430 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने चढत जातो. 1500 ला काही विषबाधा होत नाही, पण आपण एकमेकांनी सोडलेली हवाच परत घेतोय, हे तो आकडा सांगतो. एकाला सर्दी-ताप असेल तर तो बाकीच्यांना कसा मिळतो, ते यावरून लक्षात येतं. 1000 च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

तापमान आणि आर्द्रता बहुतेक मीटरवर असतेच. पावसाळ्यात आर्द्रता सतत 70 टक्क्यांच्या वर राहिली की कपाटामागे बुरशी धरते, तेवढ्यासाठी बघा. व्हीओसी, म्हणजे हवेत उडणाऱ्या रसायनांच्या वाफा, असा एक आकडा असतो, त्यावर फार विसंबू नका. फिनेलने लादी पुसली, सॅनिटायझर लावला, पिकलेली केळी शेजारी ठेवली, तरी तो उसळतो. कुठला वायू आहे हे त्याला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. कार्बन मोनॉक्साइड वेगळा आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथे मोनॉक्साइड साठून माणसं दगावतात, आणि त्याला वास नसतो. वरचे मीटर तो ओळखत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोकेमिकल सेलचा वेगळा अलार्म मिळतो, तो घ्या. सेलची मुदत संपली की बदला. आणि गिझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या.

घेताना काय वाचायचं

माझा पहिला मीटर फसला. ऑनलाइन मागवला, दिसायला देखणा. एका संध्याकाळी हिने जिऱ्या-मोहरीची फोडणी दिली आणि सीओटू 520 वरून एकदम 1900 वर गेला. स्वयंपाकघरात ती एकटी, खिडकी उघडी. एका माणसाच्या श्वासाने दोन मिनिटांत इतका सीओटू वाढणं शक्यच नाही. मीटर उघडून पाहिला तर आत सीओटूचा सेन्सर नव्हताच. तेलाच्या वाफेला भुलणारा एक स्वस्तातला गॅस सेन्सर होता, आणि त्यावरून तो सीओटूचा अंदाज बांधत होता. अशा आकड्याला 'ईसीओटू' किंवा 'सीओटू इक्विव्हॅलंट' म्हणतात. खोक्यावर हे शब्द दिसले तर तो मीटर परत ठेवा.

खरा सीओटू सेन्सर 'एनडीआयआर' किंवा 'फोटोअकूस्टिक' पद्धतीचा असतो. सीओटू इन्फ्रारेड किरणांतली एक ठरावीक पट्टी शोषतो, त्यावर दोन्ही चालतात. कणांसाठी 'लेझर स्कॅटरिंग' असं लिहिलेलं हवं. आत छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या उजेडात कण चमकतात आणि त्या चमकेवरून मोजणी होते. हातात सोल्डरिंग आयर्न धरता येत असेल तर स्वतःही बनवू शकता. माझा गॅलरीतला मीटर ईएसपी 32 हा वायफायवाला छोटा बोर्ड, कणांसाठी प्लँटॉवरचा पीएमएस 5003 आणि सीओटूसाठी सेन्सिरियनचा एससीडी 41 यांचा आहे. पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणले. ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही सेन्सरची सोय तयार आहे, प्रोग्राम लिहावा लागत नाही.

जोडणी करताना सगळे एका ठिकाणी अडतात. असे बहुतेक मीटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर 5 चं सोडून दुसरं निवडा. मागच्या महिन्यांचे आलेख साठवून ठेवता येतात का, तेही आधी विचारा. आजचा आकडा उद्या विसरला जातो, आलेख राहतो.

कुठे ठेवायचा

माणूस जिथे श्वास घेतो त्या उंचीवर. बेडरूममध्ये पलंगाच्या बरोबरीने, पण उशीपासून तीन-चार फूट लांब, नाहीतर तो तुमचा श्वासच मोजत बसेल. एसीच्या झोतात नको, खिडकीच्या चौकटीत नको, टीव्हीच्या मागे नको.

स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा दाराच्या वर ठोकला होता. चार महिन्यांत त्याचा पंखा घरघरायला लागला. उघडला तर जाळीवर तेल आणि धुळीचा काळा चिकट थर, चिमणीच्या जाळीवर असतो तसाच. आता तो शेगडीपासून आठ फुटांवर, फ्रिजच्या बाजूच्या फळीवर आहे. गॅलरीतला छपराखाली ठेवलाय, पावसाचा शिंतोडा लागणार नाही असा. बाहेरचा आकडा माहीत नसेल तर खिडकीचा निर्णय घेता येत नाही, म्हणून माझ्या मते दुसरा मीटर घ्यायचा तर तो गॅलरीसाठीच घ्यावा.

पहिले आठ दिवस काहीही बदलू नका. नुसती वही घाला. वेळ, घरात काय चाललं होतं, आतला पीएम, बाहेरचा पीएम, सीओटू, असे पाच रकाने. आमच्या वहीत हिच्या अक्षरात अशा नोंदी आहेत : "7.10 उदबत्ती, 34 चा 180." "8.45 बोंबील तळले, चिमणी बंद, 390." "11.00 दार लावलं, एसी चालू, सीओटू 640." त्या आठ दिवसांत घरच्यांना जितकं कळलं तितकं मी बोलून पटवू शकलो नसतो.

झिरो तपासा

कारखान्यात मोजमापाचा नवीन ट्रान्समीटर आला की आम्ही आधी झिरो तपासायचो, म्हणजे माहीत असलेल्या तळाच्या पातळीला तो बरोबर आकडा दाखवतो का ते पाहायचो, मग लाइनवर घ्यायचो. घरीही तसंच करा.

सीओटूचा मीटर दुपारी गॅलरीत अर्धा तास ठेवा आणि स्वतः आत या. आकडा 420 ते 470 च्या दरम्यान स्थिरावला तर तो ठीक आहे. पीएमचा झिरो काढायला घरातला एअर प्युरिफायर चालतो. त्याच्या स्वच्छ हवेच्या झोतात मीटर दहा मिनिटं धरा, आकडा शून्य ते तीनवर यायला हवा. प्युरिफायर नसेल तर दोन मीटर शेजारी-शेजारी ठेवून त्यांचे आलेख एकत्र चढतात-उतरतात का ते पाहा.

सीओटूच्या सेन्सरमध्ये आपोआप कॅलिब्रेशनची सोय असते. आठवडाभरात दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं तो धरून चालतो. घर उघडं राहत असेल तर ही सोय छान. माझा मुलगा घणसोलीला चौदाव्या मजल्यावर राहतो, त्याच्या बेडरूमची खिडकी धुळीमुळे महिनोन्‌महिने उघडलीच नव्हती. त्याचा मीटर सकाळी 800 दाखवायचा आणि तो खूश होता. तीन माणसं, बंद खोली, आणि 800? मला पटेना. माझा मीटर नेऊन शेजारी ठेवला तर तो 1080 सांगत होता. त्याच्या सेन्सरने कोंदट हवेलाच ताजी हवा समजून आपला झिरो खाली सरकवला होता. आठवड्यातून एकदा तरी मीटरला तासभर मोकळी हवा दाखवा, एवढंच पथ्य आहे.

बाहेरच्या आकड्याशी ताडून पाहायचं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप आहे. महापे, नेरुळ, सानपाडा अशी आपल्या जवळची केंद्रं त्यात दिसतात. पण तिथे निर्देशांक असतो आणि तुमच्या मीटरवर मायक्रोग्रॅम, दोन्हींची गल्लत करू नका. त्यात काही मीटर अमेरिकन निर्देशांक दाखवतात. 60 मायक्रोग्रॅमची हवा आपल्या निर्देशांकात 100 होते आणि अमेरिकन मोजणीत 150 च्या वर जाते. सोसायटीच्या ग्रुपवर यावरून उगाच घबराट होते. सेटिंगमध्ये जाऊन सरळ मायक्रोग्रॅम निवडा.

आता खिडकी

मीटर आणल्यावर पहिल्याच जानेवारीत माझी पंचाईत झाली. पीएम म्हणायचा खिडकी लाव, सीओटू म्हणायचा खिडकी उघड. सूनबाईचा आणि हिचा वाद आता दोन आकड्यांत चालू झाला.

एका रात्रीची नोंद देतो. 11 वाजून 40 मिनिटं. टीटीसी औद्योगिक पट्ट्याच्या बाजूने तो नेहमीचा उग्र वास आला. गॅलरीत पीएम 118, बेडरूममध्ये 64. नात, मुलगी आणि ही तिघी आत, दार बंद, एसी चालू. सीओटू 1450. बऱ्याच जणांना वाटतं एसी बाहेरची ताजी हवा आणतो. स्प्लिट एसी तसं काही करत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. खिडकी उघडली असती तर 118 ची हवा नातीच्या छातीत गेली असती. मग मी बेडरूमचं दार हॉलकडे सताड उघडलं आणि हॉलचा पंखा लावला. हॉल दुपारी हवेशीर केलेला होता आणि तिथे कुणी झोपलेलं नव्हतं. अर्ध्या तासात सीओटू 860 वर आला. प्युरिफायर चालूच होता, सव्वाबाराला पीएम 22. खिडकीला हात न लावता दोन्ही आकडे आटोक्यात आले.

तेव्हापासून आमची रीत ठरली. नळाला पाणी येतं त्या वेळात आपण पिंप भरून ठेवतो, तशी दुपारी घरात हवा भरून ठेवायची. माझ्या तीन हिवाळ्यांच्या वहीत दुपारी 1 ते 5 या वेळेत बाहेरचा पीएम सगळ्यांत कमी आहे. त्याचं कारण असं की दुपारी जमीन तापते, धूर-धूळ वर चढून पांगते आणि समुद्राकडचा वारा सुटतो. संध्याकाळी आठनंतर वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत बसते आणि कारखाने, वाहनं, बांधकामं यांचं सगळं तिच्यातच कोंडून राहतं, ते थेट सकाळी नऊपर्यंत. पहाटेची हवा शुद्ध असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण डिसेंबर-जानेवारीत इथली पहाट माझ्या मीटरवर वाईटच निघते. म्हणून दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्यायचा, संध्याकाळी सातला लावून घ्यायच्या, रात्री आतली दारं उघडी ठेवायची. तरीही सीओटू 1500 च्या वर गेला तर बाहेरच्या आकड्याकडे बघून पाच-सात मिनिटं खिडकी उघडायची आणि प्युरिफायर फुल करायचा.

प्युरिफायर सीओटू काढत नाही, हे लक्षात असू द्या. तो फक्त कण पकडतो. घेताना त्याचा सीएडीआर बघा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा. 10 बाय 12 ची, साडेनऊ फूट उंचीची खोली साधारण 32 घनमीटर होते. ती हवा तासात पाचदा गाळली जावी असं धरलं तर 160 लागतात. रात्री आवाज नको म्हणून आपण तो हळू चालवतो, त्यामुळे 250 च्या पुढचा घ्या.

जून ते सप्टेंबर ही सगळी सर्कस लागत नाही. पाऊस हवा धुऊन काढतो, बाहेरचा पीएम बऱ्याचदा 20 च्या खाली असतो, खिडक्या उघड्या ठेवा. फक्त दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझर सेन्सर वाढीव आकडा दाखवतो. आर्द्रता 85-90 असताना गॅलरीत 45 दिसले तर घाबरू नका.

आपल्याच घरातला धूर

बाहेरच्या हवेला नावं ठेवताना वही मला वेगळंच दाखवत होती. आमच्या घरातले सगळ्यांत उंच सुळके आतूनच आलेले होते.

तळण आणि फोडणी पहिली. पाइप बाहेर काढलेली चिमणी असेल तर गॅस पेटवायच्या आधी पाच मिनिटं लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. बोंबील तेच, कढई तीच, 390 च्या जागी 90 वर भागलं. पाइप नसलेली चिमणी हवा गाळून परत घरातच सोडते, तिथे खिडकीतला एक्झॉस्ट लावा. कुकरच्या शिट्टीनेही आकडा उडतो, पण ती वाफ असते. दोन-तीन मिनिटांत आकडा आपोआप खाली आला तर वाफ, अर्धा तास रेंगाळला तर धूर.

दुसरी उदबत्ती. हा विषय नाजूक, म्हणून मी बोललोच नाही, हिला फक्त आलेख दाखवला. दोन उदबत्त्यांनी बंद हॉलमध्ये 180, आणि उतरायला 50 मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून तिने देवघरात निरांजन आणि फुलं ठेवली, आणि उदबत्ती गॅलरीत तुळशीपाशी लावायला लागली.

तिसरी मच्छर कॉइल, आणि ही आजच बंद करा. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून जेवढे पीएम 2.5 कण निघतात तेवढे 75 ते 137 सिगारेटींतून निघतात असं आढळलं होतं. खाडीजवळ राहतो, डास असणारच. आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि नातीला मच्छरदाणी लावली.

आपोआप चालू-बंद करायचं असेल तर स्मार्ट प्लग मिळतात. त्यात एकच काळजी घ्या, चालू आणि बंद व्हायचे आकडे वेगळे ठेवा. काँप्रेसरला कट-इन आणि कट-आउट असतो तसं. आमचा एक्झॉस्ट 80 ला लागतो आणि 40 ला थांबतो. दोन्ही 60 वर ठेवले तर तो दर मिनिटाला टकटक करत मोटर जाळेल. मोबाइलवरचे इशारेही कमीत कमी ठेवा. सारखा हूटर वाजला की माणूस तो न बघता दाबून टाकतो, हे मी कंट्रोल रूममध्ये वर्षानुवर्षं पाहिलंय. आमच्याकडे दोनच इशारे आहेत, बेडरूमचा पीएम 15 मिनिटं 60 च्या वर राहिला तर आणि सीओटू 1500 झाला तर.

रात्रीच्या वासाची नोंद वेगळ्या पानावर ठेवा. तारीख, वेळ, वास कसा आहे, वारा कुठून येतोय, किती वेळ टिकला. त्या वासाचे वायू घरातले सेन्सर ओळखत नाहीत, तिथे आपलं नाकच पुढे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार देताना "रोज वास येतो" असं न लिहिता आम्ही आमच्या गल्लीतल्या सहा घरांच्या तारीखवार नोंदी जोडतो.

देखभाल थोडीच आहे. महिन्यातून एकदा मीटरच्या जाळीवरून मऊ ब्रश फिरवा, ओलं फडकं नको. लेझरचा सेन्सर अखंड चालला तर साधारण 3 वर्षं टिकतो, दर पाच मिनिटांनी एकदा मोजायला लावला तर जास्त. आणि नातीच्या दम्याच्या पंपाची वेळ मीटर ठरवत नाही, डॉक्टर ठरवतात. आकडा 12 असला तरी तिची छाती वाजली की आम्ही आधी पंप देतो, वहीत नोंद त्यानंतर करतो.